समुद्राचं आवर्तन

चहा घ्या आधी. फजिती माझीच आहे, त्यामुळं हसायला कुणाची परवानगी नको. घरची मंडळी तर पाहुणा आला की मला ती सांगायलाच लावतात.

बोरी बुद्रुकला कॅनॉलच्या पाण्याचा विषय निघाला, की माणसं माझ्याकडं बघतात. पाणीवापर संस्थेत माझी उभी हयात गेली. आवर्तन म्हणजे धरणातून पाळीनं सुटणारं पाणी. एकदा बंद झालं की महिनाभर पाट कोरडा. एवढं ध्यानात ठेवा, कारण माझी माती इथंच झाली.

माझे व्याही पेठचे. तीस वर्षं शाळेत इतिहास-भूगोल शिकवून निवृत्त झाले. सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. इतके मऊ, की बिनसाखरेचा चहा दिला तरी छान झालाय म्हणतील. त्यात मुलीचे वडील. आमच्याकडं मुलीचा बाप मुलाच्या बापाचा शब्द मोडत नाही. बोलू नका असं मी कधी म्हटलं नव्हतं. पण बोला, असंही म्हटलं नव्हतं, हे खरं.

गुरुजींनी आयुष्यभर फळ्यावर खडूनं गलबत काढलं आणि डोळ्यानं एकही पाहिलं नाही. अलिबागच्या बाजूला जहाजांचं एक संग्रहालय आहे, तिथं खरंखुरं जुनं गलबत ठेवलंय, हे त्यांनी कुठंसं वाचलं. मेल्याआधी एकदा बघायचंय, असं ते माझ्या सुनेजवळ बोलले. मला कळायचा अवकाश, मी गाडी काढली. ते दोघं नवरा-बायको आणि आम्ही दोघं.

रविवारी सकाळी नऊला किनाऱ्यावर. समोर समुद्रात किल्ला, मधलं पाणी ओसरलेलं, माणसं चालत निघालेली. आधी किल्ला आणि दुपारी संग्रहालय, असं मी ठरवून टाकलं.

एक घोडागाडीवाला म्हणाला, "काका, साडेदहाच्या आत मागं फिरा. पाणी भरतं."

"भाडं पायजे त्याला," मी बायकोच्या कानात सांगितलं.

गुरुजी तिथल्या एका बोर्डापुढं थांबले होते. हळूच म्हणाले, "भाऊ, एक बोलू का?"

"त्यात बोलायचं काय, गुरुजी? भरती येती पुनवेला न् अवसेला. पुनव होऊन तीन दिस झालं. आवर्तन बंद झालंय. आता अवसेपर्यंत बिनघोर."

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तुम्ही म्हणता तसं."

किल्ल्यात गोड्या पाण्याचं तळं आहे. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे हे गोडं. आता असं तळं समोर असताना मी गप्प बसेन का? तिथंच काठीनं मातीत रेघा ओढून मी गुरुजींना समुद्राची पाळी समजावली. ते मान डोलवत होते. ढ पोरगं पहिल्यांदाच फळ्यापाशी आल्यावर मास्तर डोलवतात, तशी.

बायको म्हणाली, "अवो, बाकीची माणसं का पळाया लागलीत?"

"शहरातली हायेत. त्यांना लई घाई असती."

सव्वाअकराला दरवाजात आलो. समोर रस्ताच नव्हता. लाटा पायरीला लागलेल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "वरून गेट उघडलं वाटतं कुणीतरी."

"कुठल्या धरणाचं?" बायकोनं विचारलं.

पुढचे सात तास आम्ही किल्ल्यात. विहीणबाईंनी आणलेली धपाटी संपली, किल्ल्यातल्या देवळात तीनदा नमस्कार झाला. साडेचारच्या सुमाराला गुरुजींनी घड्याळ बघितलं आणि शर्टाची बाही त्यावर ओढून घेतली. संग्रहालय पाचला बंद होतं. त्यांना वाटलं मी बघितलं नाही. पण बघितलं.

पाणी उतरल्यावर गाडी तशीच संग्रहालयाला नेली. फाटकाला कुलूप. गजांमधून आत एका डोलकाठीचं टोक तेवढं दिसत होतं. गुरुजी टाचा उंच करून बघत राहिले.

मी फाटकाला पाठ लावून उभा राहिलो आणि जाहीर केलं, "आज मुक्काम. उद्या उघाडल्या उघाडल्या पयला नंबर आपला."

"भाऊ, एक बोलू का?"

"न्हाई, गुरुजी. आता काय बोलूच नका. गलबत दावल्याबिगर मी तुमाला पेठला नेणार न्हाई."

रात्री लॉजवर बायको म्हणाली, "गुरुजी कायतरी सांगत व्हते."

"संकोची माणूस. नको नको म्हणत असतील."

सकाळी गुरुजी इस्त्रीचा शर्ट घालून तयार. आम्ही नवाला फाटकावर. दहा वाजले, साडेदहा वाजले, कुणाचा पत्ता नाही. शेवटी आतून एकजण झाडांना पाणी घालत आला.

"आज सोमवार. सोमवारी बंद असतं. बोर्डावर लिहिलंय की."

बोर्ड फाटकालाच होता. आदल्या संध्याकाळी माझी पाठ जिथं टेकली होती, बरोबर त्याच्या शेजारी.

"गुरुजी, तुमी काल वाचला व्हता ह्यो?"

"हो."

"आन् किल्ल्यापाशी व्हता तो बोर्ड?"

"तोही वाचला. तसं त्याची गरज नव्हती म्हणा. भरती दिवसातून दोनदा येते. पाचवीला तीस वर्षं तोच धडा शिकवला मी."

"मंग सांगायचं न्हाई का?"

गुरुजी खाली बघत म्हणाले, "दोन्ही वेळा विचारलं होतं, भाऊ. तुम्ही परवानगी दिली नाहीत."

मला वाटलं, आता ती भरती इथपर्यंत यावी आणि मला घेऊन जावी. मी हात जोडले. बायको म्हणाली, "तुमी आता गप ऱ्हावा. गुरुजी, काय करायचं ते तुमी सांगा."

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं. मग विहीणबाईंकडं बघितलं. आणि मी कधी ऐकला नव्हता असा वर्गातला आवाज काढून म्हणाले, "उद्यापर्यंत थांबायचं. भाऊ, तुम्ही मागच्या बाकावर."

मी गाडीत मागं जाऊन बसलो.

मंगळवारी गलबत पाहिलं. गुरुजींनी एका जागी उभं राहून दीड तास शिकवलं. शीड, सुकाणू, वारा, सगळं. अनोळखी माणसंही ऐकायला थांबली. त्यांचा चेहरा बघून दोन मुक्काम वसूल झाले.

मधेच पाण्याबद्दल मला एक मुद्दा सुचला. मी हात वर केला. "गुरुजी, एक बोलू का?"

गुरुजी म्हणाले, "नको."