मालतीबाई आणि पोटावरची नवी वाट

मालतीबाईंची आणि माझी पहिली भेट राहात्याच्या आमच्या शाळेच्या व्हरांड्यात झाली. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. इंग्रजी शिकवायला आले होते आणि पहिल्याच दिवशी मराठी प्रार्थना म्हणताना अडखळले. बाई मुख्याध्यापिका होत्या. मुलींसमोर त्या मला काही बोलल्या नाहीत. शाळा सुटल्यावर मात्र थांबवून घेतले आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी माझ्याकडून एक मराठी धडा मोठ्याने वाचून घेऊ लागल्या. मी चुकले की त्या हसत, मग मलाही हसू येई. आता माझीही पन्नाशी उलटली, तरी बाई समोर आल्या की मी अजून पदर सारखा करते.

बाईंनी साठी पूर्ण केली. शाळेची इमारत कशी उभी राहिली, आसपासच्या गावांतल्या मुली शाळेत कशा आल्या, हे बाईंच्या या गौरवग्रंथात इतर मंडळी लिहितीलच. त्यांच्या आजारपणाविषयी लिहू का, असे मी त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, "लिहा. पण रडकं लिहू नका, आणि आडूनआडून तर मुळीच लिहू नका."

तेव्हा सरळच लिहिते. काही वर्षांपूर्वी बाईंना आतड्याच्या शेवटच्या भागाचा कर्करोग झाला. पुण्याला मोठे ऑपरेशन झाले. शौचाची नेहमीची वाट कायमची बंद करून डॉक्टरांनी आतड्याचे तोंड पोटावर, डाव्या बाजूला काढून दिले. बाई परत आल्या तेव्हा गावात कुजबूज होती. आता त्या घरीच बसणार, अशी सर्वांची समजूत होती. बाईंनी पहिल्याच बैठकीत आम्हा शिक्षकांना पोटाची सगळी हकिगत भूगोलाचा नकाशा समजवावा तशी समजावून सांगितली. त्या आठवड्यात प्रार्थनेच्या वेळी सगळी शाळा शांत असताना त्यांच्या पोटातून आवाज झाला. मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. बाई म्हणाल्या, "हे माझं पोट बोललं. ऑपरेशननंतर त्याला अजून शाळेची शिस्त लागायची आहे. लागेल हळूहळू." मुली हसल्या, बाईही हसल्या, आणि प्रार्थना पुढे सुरू झाली.

ती शिस्त त्यांनी खरोखरच लावली. रोज पहाटे तासभर दार लावून, एनिमाच्या भांड्याने पोटावरच्या त्या तोंडातून कोमट पाणी सोडून त्या आतडे साफ करून घेत. मग कापडाची घडी आणि पट्टा बांधला की दिवसभर चिंता नसे. परकराची नाडी नेमकी त्या जागी काचायची, म्हणून त्यांनी नाडी काढून रुंद कापडी पट्टी शिवून घेतली. फ्लॉवर आणि कांदा सोडला. बाकी सारे पूर्वीसारखे. "पूर्वी मी शाळेला वेळेची शिस्त लावायची, आता पोट मला लावतं," असे त्या म्हणत.

पण मला सांगायचे आहे ते दुष्काळाच्या वर्षातले. लता नावाची आमची अकरावीतली मुलगी राहात्याला मामाकडे राहून शिकत होती. घर पाथर्डीकडे. तिची आई सोनाबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जात असे. एका संध्याकाळी लता ऑफिसात येऊन रडू लागली. आईला बाईंचाच आजार झाला होता. नगरच्या दवाखान्यातले डॉक्टर ऑपरेशन करायला तयार होते, पण आई नको म्हणत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वडील आईला दवाखान्यातून घरी न्यायला येणार होते. आई एकदा घरी गेली असती तर ऑपरेशनला परत आली नसती, हे आम्हा सर्वांना कळत होते.

बाईंनी दुसऱ्या दिवशीची पहिली एसटी धरायचे ठरवले. मी आणि लता बरोबर निघालो. पहाटेचा तो तास चुकणार होता, म्हणून बाईंनी पोटावरच्या तोंडाला मळ साठायची रबरी पिशवी बांधली. तिच्यावर त्यांचा फारसा भरवसा नव्हता. गाडीत इतकी गर्दी, की एका बाईने आपली पाटी थेट बाईंच्या मांडीवर टेकवली. बाईंनी पर्स पोटाशी आडवी धरली. वाटेत गाडी बंद पडली. उन्हात थांबलो असताना बाईंनी पदर पोटाभोवती घट्ट आवळून घेतला; पिशवी सुटू लागली होती.

दवाखान्यात पोचल्यावर त्या आधी न्हाणीघरात गेल्या. पाण्याची टंचाई होती. मी कुठून तरी एक बादली मिळवून दिली आणि दाराशी उभी राहिले. बाहेर बायका खोळंबल्या होत्या. एकीने दार वाजवले, दुसरीने आत कोण मुक्कामाला आलंय का म्हणून विचारले. आतून बाईंचा शांत आवाज आला, "येते हो." त्या बाहेर आल्या तेव्हा निऱ्या नीट होत्या आणि कपाळावर घाम होता.

सोनाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. बाई खाटेवर त्यांना अगदी खेटून बसल्या. आजाराचा विषयच काढला नाही. लताचे गणित, पाथर्डीकडचे पाणी, खडीचे काम, असे बोलणे चालले. बोलता बोलता बाईंनी मोसंबे सोलले आणि एकेक फोड सोनाबाईंना भरवली. मी दाराकडे पाहत होते. लताचे वडील केव्हाही आले असते.

शेवटी सोनाबाईच बोलल्या. "बाई, लेकीनं आणलं तुमाला, कळतंय. पर मला न्हाई करायचं. पोटातून घाण भायेर येनार. मंग माज्याजवळ कोन बसंल? माज्या हातचं कोन खाईल?"

"किती वेळ झाला मी तुमच्या शेजारी बसले आहे?" बाईंनी विचारले.

"लई येळ झाला."

"कसला वास आला?"

सोनाबाईंना प्रश्नच कळला नाही. बाईंनी मला पडदा ओढायला सांगितला, पदर बाजूला केला आणि पट्टा सोडून पोट दाखवले. ओठाच्या आतल्या कातडीसारखा लाल, ओलसर, एवढासा गोळा. सोनाबाई उठून बसल्या. वाकून पाहू लागल्या.

"दुखतंय व्हय?"

"नाही."

"आन् ह्ये आसंच घिऊन शाळंत जाता?"

"असंच. आणि तुम्ही आत्ता खाल्लंत ते माझ्याच हातचं."

लताचे वडील आले आणि घरी न्यायच्या सामानाची भरून ठेवलेली कापडी पिशवी त्यांनी उचलली. सोनाबाईंनी नवऱ्याला ती खाली ठेवायला सांगितली आणि म्हणाल्या, "डाक्टरला बोलवा. आन् ह्या बाईंना जिऊ घाला, सकाळधरनं उपाशी हायेत." बाई खरेच उपाशी होत्या. पोटावरची पिशवी लवकर भरू नये म्हणून त्यांनी सकाळपासून काही खाल्ले नव्हते, हे मला तेव्हा कळले.

ऑपरेशन झाले. अवघड होते, पण सोनाबाई त्यातून उठल्या. मी पाथर्डीला त्यांच्या घरी गेले तेव्हा त्या चुलीपुढे बसून भाकरी थापत होत्या आणि घरातले सगळे ताट घेऊन समोर बसले होते.

तेव्हापासून नगरच्या दवाखान्यात असा रोगी अडून बसला की राहात्याला निरोप येतो आणि बाई निघतात. त्यांनी आता विश्रांती घ्यावी असे माझे मन म्हणते; पण तशी इच्छा मी करणार नाही, ती त्यांना आवडायची नाही. भिंतीकडे तोंड करून पडलेले कुणी ना कुणी पुढेही असणारच. त्यांच्या खाटेवर खेटून बसायला आमच्या मालतीबाई पुष्कळ वर्षे, धडधाकट आणि हसतमुख असाव्यात, एवढेच मागते.