शेळीला बाद करताना कारण सांगावं लागतं

शेळ्यांचं आणि किश्शांचं अगदी सारखं. एकीला बाहेर सोडा, दार लावेपर्यंत बाकीच्या अंगणात! परवा कुणीतरी सहज विचारलं, "तू पूर्वी शेळ्यांची जज होतीस म्हणे?" झालं, मग काय!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही मिनेसोटात, ईडन प्रेरीला राहायचो. नवरा दिलीप इंजिनिअर. मी नागपूरची जनावरांची डॉक्टर, पण माझी डिग्री इथे चालेना, म्हणून एका क्लिनिकमध्ये असिस्टंट. तिथली मोठी डॉक्टर हेलन बुटक्या दुधाळ शेळ्या पाळायची आणि शेळ्यांच्या शोमध्ये जज असायची. पहिल्यांदा तिच्या गोठ्यात गेले, तर गुडघ्याएवढी जनावरं बागडत होती. मी म्हटलं, "किती गोड करडं! यांच्या आया कुठायत?"

हेलन म्हणाली, "याच आया. ती कोपऱ्यातली तर आजी आहे!"

मी तिथेच खुळावले. जजचं लायसन्स काढायचंच ठरवलं. डिग्री कपाटात पडली होती, निदान एक कागद तरी या देशात माझ्या नावाचा हवा होता.

*

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत ही बातमी फुटली. जोशीकाका, एवढे मोठे हार्ट सर्जन, ताटात मोदक घेऊन माझ्यापाशी आले. "शेळ्या? मटण किती निघतं गं?"

"काका, दुधाच्या आहेत त्या! त्यांचं स्टँडर्ड ठरलेलं असतं. कान ताठ हवेत, पाठ सरळ, कास घट्ट. आणि उंची! मापाच्या केसभर वर गेली, तर बाकी कितीही गुणी असो, बाद!"

काका खो खो हसले. "अगं, हे तर कांदेपोहे!"

शेजारून काकू म्हणाल्या, "मला तर यांच्या आईंनी चालूनसुद्धा दाखवायला लावलं होतं."

"इथेही चालवतात, काकू!"

काकांनी आणखी एक मोदक घेतला आणि पार्किंगचा विषय काढला.

*

पहिली परीक्षा, परीक्षक हेलनच. रिंगमध्ये शेळ्या ओळीत उभ्या. हात लावून बघायचं, नंबर द्यायचे आणि मग माइकवर कारणं सांगायची, मालकांच्या देखत! नंबर माझे बरोबर आले. पण शेवटच्या शेळीची पाठ चक्क झोळीसारखी होती, आणि तिची मालकीण माझ्याकडे डोळे लावून बसलेली. तिला तोंडावर सांगायचं कसं?

आपल्याकडे सांगतं का कुणी? मला बघायला दिलीपच्या घरचे आले, पोहे खाल्ले, "कळवतो" म्हणाले आणि जवळजवळ दोन महिने गप्प! मग एकदम होकार. मध्ये काय अडलं होतं ते मला कधीच कळलं नाही. दिलीपला विचारलं की म्हणायचा, "मला काय माहीत? आईला विचार." सासूबाईंना कोण विचारणार, बाई!

तर मी माइकवर वाकले, छान हसले आणि म्हटलं, "वुई विल लेट यू नो."

हेलननं कपाळाला हात लावला. "सुनंदा, ते चार तास ड्राइव्ह करून आलेत. आत्ता सांग!"

नापास. आणखी एक चान्स होता, तो गेला की लायसन्स विसरायचं.

*

घरी प्रॅक्टिस सुरू झाली. दिलीप म्हणाला, "एवढं काय अवघड आहे? मी दाखवतो." जेवायला बसला होता. चमचा माइकसारखा धरला. "कालच्या आमटीला आजच्या आमटीच्या वर नंबर देतो, कारण..."

"हं, कारण?"

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि चमचा खाली ठेवला. "कळवतो."

*

पुढच्या उन्हाळ्यात सासूबाई पुण्याहून आल्या, आणि नेमकी तेव्हाच माझी दुसरी परीक्षा. साडीवर दिलीपचं जॅकेट चढवून पहिल्या रांगेत बसल्या.

रिंगमध्ये वॉल्टर नावाचा म्हातारा शेतकरी डेझीला घेऊन आला होता. काय शेळी होती! पाठ, कास, कान, नाव ठेवायला जागा नाही. मी मापाची काठी लावली. आडवी पट्टी तिच्या खांद्याला लागायला नको होती. लागली. तिचे पाय नीट करून पुन्हा लावली. पुन्हा लागली! वॉल्टर टोपी हातात घेऊन बघत होता.

मी माइक घेतला. "डेझी बाद. ती उंच आहे. बाकी सगळं उत्तम. आज या रिंगमध्ये हिच्या तोडीची दुसरी शेळी नाही."

वॉल्टरनं डेझीची मान खाजवली. "थँक यू, मॅम. मागच्या जजनं नुसती मान हलवली होती. तेव्हापासून विचार करतोय, हिचं चुकलं काय!"

हेलननं मला तिथेच पास केलं. मला रडू फुटलं, खोटं कशाला सांगू!

परत येताना दिलीप गाडी चालवत होता आणि सासूबाई मागच्या सीटवर टेकून बसल्या होत्या. मी विचारलं, "आई, कंटाळलात का?"

"नाही गं. त्या म्हाताऱ्याला माइकवर काय सांगितलंस?"

"हेच, की उंच आहे. बाकी सगळं उत्तम."

सासूबाईंनी दिलीपचं जॅकेट काढून त्याची मांडीवर नीट घडी घातली. मग म्हणाल्या, "तुला बघून आलो, तेव्हा मीपण हेच म्हणाले होते."

दिलीपचा एक्झिट चुकला.