खडखडणारी काच

चहाचं आधण ठेवलं की निशाणमावशी रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीशी जायची आणि काचेवर तळहात टेकवून उभी राहायची. काच चौकटीत सैल होती. घरामागच्या कालव्यातून मोठं जहाज निघालं की ती आधी नुसती शहारायची, मग खडखडायची. मावशी डोळे मिटून घ्यायची. तिकडे आधण आटत जायचं.

"आई, गॅस फुकट जातोय," लेक म्हणायची.

"जाऊ दे. तुझा भाऊ जातोय."

भाऊ काही रोज जात नव्हता. त्याचं तेलाचं जहाज वर्षाकाठी दोन-तीनदा या वाटेने यायचं. पण प्रत्येक जहाजाच्या पोटात कुणाचा तरी मुलगा असतोच, असा मावशीचा हिशेब.

ती कालव्याच्या कचेरीसाठी निशाणं शिवायची. जहाजं ज्या रंगांनी एकमेकांशी बोलतात, ती. तिचं खरं नाव आता गल्लीत कुणाला आठवत नव्हतं.

दोन समुद्रांना जोडणारी ही एवढीच वाट. कुणाचं तेल, कुणाचा गहू, कुणाच्या मोटारी, सगळं मावशीच्या दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांमागून सावकाश सरकत जायचं. इतक्या जवळून, की डेकवरच्या माणसाच्या हातातला कप दिसावा. पण मुलगा इंजिनावर कामाला होता, आणि वाट अरुंद झाली की इंजिनाच्या माणसांनी खालीच हजर राहायचं, असा नियम. सुट्टीत तो समुद्रापलीकडच्या आपल्या संसारात जायचा. म्हणजे तो आईच्या सगळ्यात जवळ यायचा तो इथे, आणि इथेच त्याला वर येता यायचं नाही. कितीतरी वर्षं मावशीने त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. तो चालवत असलेल्या इंजिनाची थरथर पाण्यातून, जमिनीतून, भिंतीतून तिच्या तळहातापर्यंत यायची, तेवढीच भेट.

"फटीत पुट्टी लावून घेऊ या, वारा येतो," लेक दर थंडीत म्हणायची.

"काचेला हात लावून तर बघ."

एका सकाळी काच गप्प राहिली. पुढच्या वळणावर एक अवाढव्य जहाज आडवं होऊन गाळात रुतलं होतं आणि मागे रांग लागली होती. दिवसांमागून दिवस गेले. लेक विम्याच्या कचेरीत होती. घरी आली की चपला काढता काढता सुरू व्हायची. विमा कडाडला, तेल भडकलं, कुठल्याशा देशात सुट्या भागांवाचून कारखाने बंद पडले. शेजारणीला गॅस मिळेना, ती भांडी घेऊन मावशीच्या ओट्याशी यायला लागली.

"जगाच्या घशात काटा अडकलाय," लेक म्हणाली.

मावशीचं लक्ष खिडकीबाहेर होतं. कारण रांगेतलं एक जहाज तिच्या कपड्यांच्या दोरीपलीकडेच काठाला बांधलेलं होतं, आणि ते तिच्या मुलाचं होतं. इंजिन बंद.

ते दिसलं त्या दिवशी ती हाताला लागलं ते निशाण घेऊन काठावर धावली होती. डेकवर एकजण उभा होता. मावशीने निशाण हलवलं, त्याने हात हलवला. "किती वाळलास रे," म्हणून ती पदर डोळ्यांना लावून रडायला लागली. त्यानेही मान डोलावली.

"आई, तो आमचा आचारी," पलीकडून एक टकला माणूस ओरडला. "मी इकडे."

"मग मघाशी का नाही बोललास?"

"म्हटलं, बघू तरी त्याच्यासाठी किती रडतेस. आणि ते निशाण खाली घे. त्याचा अर्थ, ताबडतोब थांबा. कप्तान विचारतोय, आता आणखी किती थांबू?"

मावशीने हातातल्या पिवळ्या-काळ्या चौकटींकडे पाहिलं. जन्मभर शिवलेलं निशाण.

मग तिचं शिवणयंत्र काठावरच आलं. तो कठड्याला रेलून बसायचा. मध्ये पाण्याची हिरवट पट्टी, तिच्यावर डुलणारं ऊन. बोलणं संपायचं, तरी दोघं तसेच. उतरायची त्याला परवानगी नव्हती, पण त्याची खंतही फारशी उरली नाही. शेजारणीची भांडी बघून मावशीला स्वतःची लाज वाटायची, तरीही मनातल्या मनात ती म्हणायची, अजून एक दिवस.

एका दुपारी वळणावरून भोंगा आला. रुतलेलं जहाज निघालं होतं. मुलाच्या जहाजातून धूर वर चढला. तो कठड्यापाशी घुटमळला. पिवळं-काळं निशाण मावशीच्या मांडीवरच होतं. तिने त्याची नीट घडी घातली आणि त्यावर बसली.

"जा खाली. लोक खोळंबलेत."

तो गेला. मावशी धावत घरात आली आणि तळहात काचेवर टेकवला. काच शहारली.

पुढे मावशी थकली, तेव्हा तिची खाट स्वयंपाकघरात खिडकीखाली आली. जहाजं येत-जात राहिली. शेवटच्या सकाळी वारा सुटला होता, म्हणून लेकीने चौकटीच्या फटीत कागदाची घडी खोचली. मावशीने डोळे उघडले.

"तो कागद काढ," ती म्हणाली. "आणि आधण बघ, आटतंय."