परातीखालचा डाव

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे टिपॉय उचलून कपाटाजवळ नेला. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं माझी बायको प्रयाग. वर खेळ मांडलेला, डाव अर्धा. "हळू. बैलावानी ओढू नका," ती म्हणली. पटावरची एकही लाकडी नाव जागची हलली नाय. मग तिनं पीठ मळायची मोठी परात आणली आणि डावावर पालथी घातली. पंख्याचा वारा नको, मांजर नको. "उद्या सकाळी नसीमआपाची चाल आहे. तोवर परात उचलायची नाय. आणि तिला चाल सांगायची तर बिलकूल नाय." मी म्हणलं, "मी कशाला सांगू?" ती नुसती हसली... त्याच दुपारी जेवायच्या आधी तिच्या छातीत कळ आली. रिक्षात तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. दवाखान्यात डॉक्टरनं मान हलवली. पुण्याहून आमचा पोरगा मिलिंद येईस्तोवर दिवस कलला. दिवेलागणीला नेलं तिला.

आता काही आठवडे झाले, पण मला एका जागी बसवत नाय. उस्मानपुऱ्यातून रिक्षा करतो, हर्सूलच्या तलावापर्यंत जातो. बसायला म्हणून जातो आणि न बसता परत फिरतो. घरी आलो की पुन्हा चपला घालाव्या वाटतात. लोक सांगतात, काका, मन रमवा. मन काय वासरू आहे, खुंटा दाखवला की थांबायला? लिहून तरी हात एका जागी राहतील म्हणून हे लिहायला घेतलं. मी चौथी शिकलेला गवंडी, जसं जमेल तसं.

प्रयाग माझ्यापेक्षा कमी शिकलेली, पण डोकं तिचं. ती दौलताबादची. लहानपणी किल्ल्याखाली सीताफळं विकायची आणि गिऱ्हाईक नसलं की दगडावर कोरलेल्या रेघांवर वाघबकरी खेळायची. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तिनं मला अंगणात खडूनं पट काढून हरवलं, दोनदा. दुसऱ्या वेळी मी पट पुसून टाकला. म्हणली, "पुसला तरी हरलात ते हरलातच."

मग म्हातारपणी हा खेळ आला. मिलिंदनं आणला, डब्यावर इंग्रजी नाव, आम्ही त्याला नदीचा खेळ म्हणायचो. पटावर एक नदी, तिच्यावर घाट. आपल्या नावा न्यायच्या, मीठ-कापूस पोचवायचा, पूल बांधायचे. एका घाटावर एकाची नाव लागली की मागच्याची वाट बंद. आणखी पन्नास भानगडी. मिलिंदनं फोनवरून नियमांचं अख्खं पुस्तक वाचून दाखवलं. माझा डोळा लागला. प्रयागनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणली, "हे एकदम सांगितलं तर माणूस पळून जाईल. सून घरात आली की पहिल्याच दिवशी सगळे डबे दाखवतो का? चहा-साखर कुठं ते दाखवतो. बाकीचं तिला हळूहळू सापडतं." तसंच शिकवायची. पहिल्या डावाला नुसत्या नावा. पूल पुढच्या डावाला. मिठाची भानगड तर माणूस स्वतः विचारीपर्यंत काढायचीच नाय. गल्लीतली किती माणसं त्या टिपॉयला बसून शिकली.

माझं शिकवणं वेगळं. मी मिस्त्रीची थापी पाठीवर खाऊन शिकलो. समोरचा विचार करत बसला की माझे हात शिवशिवायचे. शेजारचे देशपांडे, बँकेतून रिटायर झालेले, एकदा एक नाव हातात धरून विचार करत होते. मी त्यांच्या हातातून ती घेतली आणि ठेवली जागेवर. "अहो देशपांडे, डोकं गहाण टाकलं का?" देशपांडे उठले, चष्मा घेतला आणि गेले. लई दिवस आले नाय. त्या संध्याकाळी प्रयाग म्हणली, "तुम्ही शिकवत नाय, दुसऱ्याच्या हातानं खेळता. आजपासून नवा माणूस बसला की तुमचे हात मांडीखाली." मला वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. रोज तसाच बसायचो, शाळेतल्या पोरासारखा, आणि ती सगळ्यांसमोर विचारायची, "हात कुठं आहेत?"

नसीमआपा समोरच्या घरातली, कपडे शिवते. तिला खेळ लवकर समजला, पण ती कुणाची वाट अडवायचीच नाय. "भाबी, तुम्हारा रस्ता मैं कैसा रोकूं? अच्छा नै दिखता." प्रयाग वैतागायची. "आपा, रोकना पडता. नै रोके तो खेल काहे का?" आपा गेल्यावर मला म्हणली होती, "हिनं एकदा आपल्या मनानं माझी वाट अडवली ना, की हिला सगळं आलं. मग ही दुसऱ्यांना शिकवील. माझे गुडघे आता किती दिवस बसू देणार?" त्या शेवटच्या दिवशी डाव नेमका तिथं आला होता. प्रयागच्या सगळ्या नावा मिठानं भरलेल्या, वरच्या अंगाला. आपानं आपली नाव खालच्या घाटाला लावली की प्रयाग संपली. मला दिसत होतं. आपाला दिसत नव्हतं, की दिसून ती बघत नव्हती, कोण जाणे. प्रयाग म्हणली, "आज नको. घरी जाऊन विचार कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं. गावाकडून आलेल्या बायांना भाकरीचं पीठ मळायला परात पाहिजे होती. माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, ती उचलली. "अगं बया, हे काय? अशा दिवशी घरात पोरखेळ मांडून ठेवलाय?" आणि परात बाजूला ठेवून पदरात नावा गोळा करायला वाकली. मी ओरडलो, "हात लावू नको!" मिलिंद म्हणला, "बाबा, असू द्या, नंतर बघू." नंतर म्हणजे कधी?

दारात नसीमआपा उभी होती, सगळ्यांसाठी चहाची किटली घेऊन. मी म्हणलं, "आपा, चाल तुमची आहे."

"भाईसाब... आज?"

"सकाळ झाली. तिनं सकाळचीच चाल सांगितली होती."

आक्का पुटपुटली, ह्याचं डोकं फिरलं. फिरलंच होतं. आपानं किटली खाली ठेवली आणि टिपॉयसमोर बसली. मी समोर बसलो आणि हात मांडीखाली घातले. ती पटाकडं बघत राहिली. नाव उचलली, वरच्या घाटाकडं नेली, तिथं हात थांबला. माझ्या बोटांना मुंग्या आल्या. तोंडापर्यंत आलं होतं, खाली, आपा, खाली... मी दात आवळून बसलो. आपानं ओढणीनं डोळे पुसले, माझ्याकडं एकदाही बघितलं नाय, आणि नाव खालच्या घाटाला लावली. घट्ट दाबून लावली.

"माफ करना, भाबी," म्हणली.

मी हात बाहेर काढले, परात आक्काच्या हातात दिली, "घे, पीठ मळ" म्हणलं, आणि तिथंच बसून राहिलो. पुढची चाल प्रयागची होती.