बोराच्या मुठीचा ब्रश

"काका, हे बोर नाही, बोअर आहे," कंपनीच्या सेल्समनने डबी माझ्यापुढे ठेवली. "बोअर म्हणजे डुक्कर. त्याच्या केसांचा ब्रश."

मी डबी उचलून नाव पुन्हा वाचलं.

अमरावतीत माझं सलूनच्या सामानाचं दुकान आहे. एकतीस वर्षं झाली. दाढीचा ब्रश म्हणजे आमच्याकडे नायलॉनचा, सलूनवाले डझनाने नेतात. पण आता तरुण पोरं मोबाइलवर बघून जुन्या पद्धतीची दाढी शिकतात, म्हणून मी पहिल्यांदाच भारी ब्रशांचा एक बॉक्स मागवला होता. डबीवर इंग्रजीत 'प्युअर बोअर'. मधला ए कंपनीने शोभेला टाकला असेल, असं मी धरून चाललो. मूठ लाकडाची होतीच. म्हणजे बोराचं लाकूड, विषय संपला.

त्यातला एक ब्रश पंधरा दिवसांपूर्वी मी माझ्या व्याह्यांना दिला होता.

व्याही तिवस्याचे. संत्र्याची बाग, गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडंसुद्धा जात नाही. त्यांचा न्हावी दुकान बंद करून पोराकडे पुण्याला गेला, आणि बासष्टाव्या वर्षी यांना स्वतःची दाढी शिकायची वेळ आली. दुकानात येऊन त्यांनी नेमकं विचारलं होतं.

"इवाईबुवा, केस कायचे हायेत?"

"नायलॉनचे. मूठ बोराची."

"जनावराचं काई नाई नं?"

"माह्यावर सोडा तुमी."

मुलीच्या लग्नाला तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते.

"वापरणाऱ्याला कळतं का?" मी सेल्समनला विचारलं.

"नवा ब्रश गरम पाण्यात भिजवला की वास येतो. चार-पाच वेळा धुतला की जातो. खरं तर नवशिक्याला सिंथेटिक द्यावा, कृत्रिम केसांचा. भिजवायची कटकट नाही, फेसही लगेच होतो."

हे शहाणपण त्याने बॉक्स पाठवतानाच सांगायला हवं होतं. मी मुलीला फोन लावला. सहज केल्यासारखा.

"बाबा, तुमचा ब्रश मामाजीले लय आवडला," ती सासऱ्यांबद्दल म्हणाली. "येईन त्याले सांगतेत, बोराच्या मुठीचा हाय म्हून. दाढी झाली का आंघोळ, अन् मंग देवपूजा."

देवपूजा हा शब्द ऐकला आणि मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सेल्समनकडचा सिंथेटिक ब्रश घेऊन निघालो. त्याचं लेबल तीनदा वाचलं, वर त्याच्याकडूनही वाचून घेतलं होतं. वाटेत मोझरीला गाडी थांबवली. परत फिरावं असं फार वाटलं. व्याह्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मी मान खाली घालून ऐकल्या असत्या. भीती पोरीची होती. तिने पुढे केलेला पाण्याचा गिलास घेताना सासूचा हात जरा अडखळला तर? तोंडाने कोणी काही बोलणार नाही, आणि पोर आयुष्यभर ते बघत राहील. माझ्या एका अक्षरापायी.

घरी मुलीने हसतच दार उघडलं. मला तिच्याकडे बघवेना. व्याह्यांना म्हटलं, "चाला, बाग दाखवा."

बागेत पोचल्यावर सगळं सांगून टाकलं. ते एका झाडाची पानं चाचपत उभे राहिले.

"मले पयल्याच दिवशी समजलं," शेवटी ते म्हणाले. "वीस वर्सं झाले, या बागेतून रानडुकरं हाकलून राह्यलो. त्याईचा वास ओयखत नाई का मी? गरम पाण्यात टाकला अन् तसाच बाजूले ठेवला. तोंडाले लावलाच नाई."

"मंग दाढी?"

"हातानंच फेस करतो. दार लावून."

"अन् लोकाईले आवडला म्हून काहून सांगता?"

"सुनबाई रोज पुसते, बाबांनी देल्लेला ब्रश बरा हाय का म्हून. काय सांगू तिले? घरात कोनाले समजलं असतं त पोट्टीलेच बोलले असते. मले त्याचंच भेव." त्यांनी एक वाळकं पान तोडलं. "अन् खरं सांगू? एक डाव वाटलं, इवायानं मुद्दाम त नाई देल्ला?"

हे मात्र मला लागलं. पण 'माह्यावर सोडा' हा शब्द मीच दिला होता.

विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीतून त्यांनी पिशवीत गुंडाळलेला ब्रश काढून माझ्या हातात दिला. मी आणलेला नवा घेतला, हौदाच्या पाण्यात बुडवला, नाकाशी धरला. बराच वेळ हुंगला. मग खिशात ठेवला.

"सुनबाईले नका सांगू," म्हणाले.

उरलेला बॉक्स मी परत पाठवला. नवशिक्याला आता सिंथेटिकच देतो, आणि देण्याआधी प्रत्येक नमुना गरम पाण्यात बुडवून स्वतः वास घेतो. लेबल मागाहून वाचतो.

मुलगी अजून फोनवर सांगते, मामाजीले बोराच्या मुठीचा ब्रश लय आवडते. नव्याची मूठ प्लास्टिकची आहे, लाकडासारखी दिसणारी. मी हो म्हणतो.