दोन जावा, एक विहीर आणि राखून ठेवलेला निकाल

मंडळी, आज दुपारचीच गोष्ट. सेनगावात माझं वकिलीचं छोटं ऑफिस आहे. पुसेगावकडच्या गयाबाई केसची चौकशी करायला येऊन बसल्या होत्या, तेवढ्यात त्याच केससाठी त्यांच्या जाऊ सखूबाईही आल्या. दोघींचं बोलणं कित्येक वर्षं बंद आहे.

सामाईक विहिरीवरून त्यांच्या नवऱ्यांनी सुरू केलेला दावा अपील होत होत सुप्रीम कोर्टात गेला. दोघे भाऊ वारले. वारस म्हणून आता या दोघी एकमेकींच्या विरोधात उभ्या आहेत. त्यांचे वकील दिल्लीत, वेगवेगळे; माझ्याकडे दोघी फक्त केस कुठवर आली ते बघायला येतात.

मी कोर्टाची वेबसाइट उघडली. "सुनावणी संपली. निकाल राखून ठेवलाय."

"म्हंजे कोण जिंकलं?" गयाबाईंनी विचारलं.

"अजून कोणीच नाही. निकालाची तारीखही दिलेली नाही."

सखूबाई पहिल्यांदाच जावेकडे वळल्या. "विहिरीची एक बाजू ढासळून राहिली, बाई. कोर्टानं हात लावू नका म्हणलंय. निकालाआधी विहीरच बुजली तर?"

गयाबाई मला म्हणाल्या, "वकीलताई, दुरुस्तीपुरती परवानगी मागता येती का? दोघींच्या नावानं?"

मागता येते. दोघींच्या दिल्लीतल्या वकिलांकडे पाठवायला मी अर्जाचा मसुदा केला. एकीनं सही केली, दुसरीनं अंगठा दिला. विहिरीवरचा हक्क कुणीच सोडला नाही, पण जाताना दोघी एकाच जीपमध्ये बसल्या.

मी मात्र विचार करतेय, निकालाची वाट बघताना आपण काय काय ढासळू देतो? तुमच्या घरात असं काही अडकलंय का?