खर्डीतलं बायबलचं पारायण

चार नवखे मिळून बायबल वाचायला बसले की किस्से गोळा करावे लागत नाहीत हो, आपोआप साचतात! मोबाईल यायच्या आधीची गोष्ट. खर्डीत आमची पाच घरं नुकतीच ख्रिस्ती झालेली. पास्टर कल्याणहून फक्त रविवारी यायचे, बाकी आठवडा आमच्या ओटीवर आमचाच गोंधळ. दहावी झालेला मी एकटा, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे.

आईचा जीव मात्र एकाच गोष्टीत अडकलेला. बाबा आधीच गेलेले. दर भाद्रपदात ती 'काशिनाथ बाळू' असं त्यांचं नाव घेऊन पान वाढायची. बाप्तिस्मा झाला नि पान बंद. "आता ह्यांचं नाव कोन घेनार रे?" रोज विचारायची. पास्टर म्हणाले, "देवावर सोपवा, मावशी." तिला ते पटेना.

पास्टरनी सांगितलं होतं, "आधी येशूची गोष्ट वाचा, ती पुढे आहे."

शेजारचे लहानूदादा ताडकन उठले. "पोथी मधूनच? असं कुठं असतंय काय!" त्यांनी तोवर पुस्तक लाल फडक्यात बांधून पाटावर ठेवलेलं. अंघोळीशिवाय हात लावायचा नाय, पान गाळायचं नाय. पास्टरनी हात टेकले.

याच दादांनी सख्ख्या भावाशी भांडून नवसाचा बोकड बंद केला होता. वाचता वाचता आम्ही होमबलींच्या पानांवर आलो. दादा एकदम ओरडले, "थांब रे! बोकडापायी भावाशी बोलनं टाकलं, नि हितं पानोपानी बोकडच!"

पास्टरनी रविवारी तासभर समजावलं. दादांनी मान हलवली. बाहेर येऊन मला विचारलं, "मग आता भावाला काय सांगू?"

दादांच्या बायकोनं, सुगंधा वहिनींनी, घरी आपली अक्षरं जुळवत येशूपासूनच सुरुवात केली. त्याला क्रुसावर दिला त्या दिवशी चूल पेटली नाही. तो उठला, तेव्हा गूळ वाटला. पुढचं पुस्तक उघडलं तर परत तेच! धावत आमच्याकडे आल्या. "अगो बाय, परत मारतायत त्याला!"

"वहिनी, एकच गोष्ट चौघांनी सांगितलीय."

"मग चौघांनी बसून एकदाच सांगायची ना! हितं माझा जीव जातोय."

भाद्रपद लागला आणि नेमकी नावांची पानं आली. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा फलाणा. माझ्या तोंडाला फेस आला. पान न गाळणारे दादासुद्धा पेंगत म्हणाले, "हे सोड रे बाबा."

आई ताठ बसली. "सोडू नको. मेलेली मानसं हायत ती. वाच."

वाचत गेलो. पान संपत आलं तशी ती पुढं सरकली. "ह्यांचं आलं काय रे?"

मी पुस्तकावरची नजर उचलली नाही. "आणि बाळूचा मुलगा काशिनाथ," मी वाचलं.

आईनं डोळ्याला पदर लावला. लहानूदादांची झोप पार उडालेली. हळूच माझ्याजवळ सरकले नि म्हणाले, "माझ्या बापाचं बी त्याच पानावर असंल. बघ ना जरा."